पाणंद उघडायचे दिवस

पाणी ओसरलं की आधी वास येतो. कुजलेल्या उसाचा, गाळाचा, मेलेल्या माशांचा आणि कुठल्या तरी गॅरेजमधून वाहत आलेल्या डिझेलचा. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. तिथं मशीनवर बसलेली असते मी, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट असतो, समोरच्या गाड्यावर मिरच्या तळत असतात आणि तरीही श्रावण सरत आला की हा वास मला नेमका येतो. मग संजूचा, माझ्या धाकट्या भावाचा, गावाहून फोन येतो. "ताई, पाणी उतरलं. ऐतवारी ये." बस्स. एवढंच. कशाला ये, काय घेऊन ये, काही सांगावं लागत नाही.

याही वर्षी आला. गौरी-गणपती तोंडावर, ब्लाऊजांचा ढीग पडलेला, आणि मी शटर ओढून पाटी लावली की रविवारी दुकान बंद. एक बाई पाटी वाचून म्हणाल्या, "अहो, सणाच्या तोंडावर कोण दुकान बंद ठेवतं का?" मी म्हटलं, "मी ठेवतो." आमच्याकडं बायकासुद्धा मी येतो, मी जातो असंच बोलतात, आणि चिडल्यावर तर हमखास. त्या पुण्याकडच्या असल्यामुळं त्यांना गंमत वाटली असावी. मला वाटली नाही. गौरी यायच्या आत पाणंद उघडली पाहिजे, हे त्यांना कुठून कळावं?

पाणंद म्हणजे गावातून नदीला जाणारी मातीची वाट. दोन्ही अंगाला ऊस, मध्ये एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी जागा. पंचगंगेचं पाणी चढलं की पहिल्यांदा या पाणंदीतून गावाकडं येतं आणि उतरताना सगळा कचरा इथंच टाकून जातं. आडव्या झालेल्या उसाचे बिंडे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, एका पायातली चप्पल, कुणाच्या देवघरातली काच फुटलेली तसबीर. बाभळीच्या काट्यांत डोक्याच्याही वर प्लास्टिकच्या पिशव्या अडकून फडफडत असतात. किती पाणी आलं होतं ते त्या पिशव्यांवरून कळतं. सरकारी पट्टी बघायला आमच्यातलं कुणी जात नाही.

आणि हीच वाट गौरीची. बायका हिच्यावरून नदीला जाऊन, तेरड्याची गौर पाण्यातून काढून, गाणी म्हणत घरी आणतात. शेवटची वाटही हीच. मसणवट नदीच्या वरच्या अंगाला आहे. गावातलं प्रत्येक माणूस एकदा तरी या पाणंदीतून आडवं होऊन गेलेलं आहे. त्यामुळं ती अडलेली कुणालाच चालत नाही.

चालत नाही खरं, पण उघडायची कुणी? मी लहान असताना ते काम एकटे आप्पा करायचे, आमचे वडील. धारा काढून, दूध डेरीला घालून, खांद्यावर फावडं टाकून निघायचे. लोक हसायचे. "आप्पा, नगरपालिकेत लागलासा काय?" आप्पांचा आवाज म्हणजे सभेतला भोंगा. ते तिथूनच ओरडायचे, "व्हय, तुझ्या बापानं लावलंय. ये, पाटी धर." हळूहळू माणसं येऊ लागली. संजूचे मित्र आले, त्यांच्या बायका आल्या, किराणा दुकानवाले शिवलिंग अण्णा आले. आता रविवारी सकाळी निम्मं गाव असतं. कोयते, फावडी, घमेली, हातात रबरी मोजे, आणि कामाच्या मध्ये कागदावर भडंग आणि चहा. कोल्हापुरातून कॉलेजची पोरंपोरी येतात. आधी फोटो काढतात, मग गाळात पाय अडकला की गप कामाला लागतात.

पण आप्पांचं खरं भांडण कचऱ्याशी नव्हतंच. ते होतं राखेशी.

माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. राख गोळा करायची आणि नदीत सोडायची, ही सगळ्यांची रीत. आप्पा ऐन वेळी घाटावर आडवे उभे राहायचे. "नदीत न्हाय घालायचं. ह्येच पाणी खालच्या गावातली पोरं पित्यात. रानात न्या, खड्डा काढा, राख घाला, वर झाड लावा. तुमचं माणूस तुमच्या डोळ्यांसमोर ऱ्हाईल." ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला हे सांगायचं म्हणजे शिव्या खायची तयारीच हवी. आप्पांनी खाल्ल्या. एकदा एकानं हात उचलला तरी ते हलले नाहीत. अण्णा लांबून बघायचे आणि म्हणायचे, "आमचं बरं हाय बघा आप्पा. आमी लिंगायत, आमच्यात जाळतच न्हाईत. सरळ मातीत. तुमचा तरास आमाला न्हाय." आप्पा म्हणायचे, "मग तुमी निदान झाड लावायला या." म्हणून अण्णा आले ते कायमचे.

पाणंदीच्या वरच्या तोंडाला, जिथवर पुराचं पाणी पोचत नाही, तिथं दोन्ही बाजूंनी आता झाडं उभी आहेत. खाली लावायचं नाही, हा आप्पांचाच नियम. खाली लावलेलं पाण्यात जातं. ती झाडं त्या त्या माणसाच्या नावानंच ओळखली जातात. "हौसाबाईच्या सावलीला बसलोय, तिथं ये," असं पोरं फोनवर सांगतात. दत्तूकाकांच्या चिंचेचं बोटुक गाभुळलं की शाळा सुटल्यावर दगड सुरू होतात. दत्तूकाका जिवंतपणी पोरांना अंगणात उभं करत नव्हते.

कृष्णाकाकूंचं मात्र आप्पांशी वाकडं होतं. त्यांचे मालक ऐन तारुण्यात गेले. काकू राख घेऊन घाटावर आल्या आणि आप्पांनी त्यांनाही परत फिरवलं. भर घाटावर, पदर खोचून, काकू म्हणाल्या होत्या, "आज माझं गेलंय म्हणून शिकवाय लागलायसा. तुमच्या घरातलं जाईल तवा बघते तुमचं शिकिवणं." शेवटी त्यांच्या दिरांनी रानात खड्डा काढला, वर आंबा लावला. तो आंबा आता पाटीनं उतरतो. पण काकू आप्पांशी पुढं कितीतरी वर्षं बोलल्या नाहीत. समोरून आप्पा आले की त्या पाणंदीच्या दुसऱ्या कडेनं जायच्या.

आमच्या आईचं काय मत होतं? तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आप्पांच्या आवाजापुढं तिचा आवाज कुणाला ऐकूही आला नसता. ती घरी चहाचं आधण ठेवायची, रविवारी सगळ्यांचे गाळाचे कपडे धुवायची. पण एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आले. गौर आणायला गेल्यावर बाकीच्या बायका गाणी म्हणत वर चढायच्या आणि आई मागं राहायची. घाटाच्या जरा खालच्या अंगाला आमची मळई आहे, नदीला लागून असलेली काळी जमीन. तिथं काठावर बसून ती पाण्यात हात घालायची आणि गौरीच्या भाजी-भाकरीतला एक तुकडा पाण्यात सोडायची. नदीत कुणी हार टाकला तरी आकांत करणारे आप्पा तिथंच फावडं घेऊन उभे असायचे. ते तेवढ्यापुरतं दुसरीकडं बघायचे.

का ते मला आत्यानं सांगितलं. माझ्या आणि संजूच्या आधी आईला एक मूल झालं होतं. रांगायला लागलं होतं. तापाचं निमित्त झालं आणि एका रात्रीत गेलं. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आप्पांनी त्याला स्वतःच्या हातांनी मळईच्या काठाला, करंजाच्या झाडाखाली पुरलं. पुढं एका पुरात तो काठच ढासळला. करंज गेला, माती गेली, लेकरू गेलं. तेव्हापासून आईच्या लेखी तिचं बाळ नदीत होतं. आणि तेव्हापासूनच आप्पा फावडं घेऊन नदीवर जायला लागले, असं आत्या म्हणाली. या विषयावर दोघं एकमेकांशी कधी बोलली असतील असं मला वाटत नाही. आमच्या घरात बोलणं पुष्कळ होतं, पण ते म्हशींचं, उसाच्या तोडीचं, डेरीच्या फॅटचं.

मग एका वर्षी शिमगा झाला आणि आईनं अंथरूण धरलं. पोटातलं दुखणं होतं, फार हाती उरलं नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी दुकान बंद करून गावी जाऊन राहिले. एका दुपारी मी तिच्या तोंडात मोसंब्याचा रस घालत होते, आप्पा उंबऱ्यावर बसून दोरी वळत होते. ती त्यांच्याकडं बघत म्हणाली, "आवो, ऐकताय का? मला झाडाखाली नगं."

आप्पांचे हात थांबले.

"मला नदीत सोडा. माझं लेकरू तिथं हाय. लई दिस झालं, एकलंच हाय ते."

आवाज न चढवता म्हणाली. जन्मभर जशी बोलली तशीच. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले. हो म्हणा की, आप्पा. एकदा हो म्हणा, तिला ऐकू येतंय तोवर म्हणा. आप्पा उठले, दोरी तिथंच टाकली आणि गोठ्यात निघून गेले. नंतर बघितलं तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते.

आई गेली. पुढचे दोन दिवस घरात जे रडणं चाललं होतं त्याच्याखाली गावभर एक वेगळीच कुजबुज चालली होती. आईचं मागणं मी आत्याला सांगितलं, आत्यानं शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक झालं. आता आप्पा काय करणार? काही म्हणत होते, "मरत्या माणसाची विच्छा हाय, सोडतील की नदीत. कोण त्यास्नी विचारणार?" काही म्हणत होते, "मग आमाला कशापायी अडिवलं?" आणि आमच्या रविवारच्या मंडळींनी तर न विचारताच ठरवून टाकलं. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. तिसऱ्या दिवशी पहाटे जाऊन अण्णांनी आणि पोरांनी वर, हौसाबाईच्या आणि दत्तूकाकांच्या मधल्या जागेत, सुरेख चौकोनी खड्डा काढला. शेणखत घातलं, हापूसचं रोप आणून ठेवलं, भोवती रांगोळीसुद्धा घातली. मायेनं केलं होतं सगळं. मला मात्र तो खड्डा बघून ओरडावंसं वाटलं. माझ्या आईला तिथं जायचं नव्हतं!

रक्षाविसर्जनाला एवढी माणसं मी कधी बघितली नाहीत. दहीभात ठेवला, कावळा शिवला. आप्पांनी राख पितळी घागरीत भरली, वर पांढरा कपडा बांधला आणि घागर स्वतः उचलली. संजू हात द्यायला गेला, त्याला दिली नाही. खड्ड्यापाशी आल्यावर ते थांबले. अण्णा पुढं झाले. आप्पा त्यांना म्हणाले, "अण्णा, बुजवा ह्यो." आणि चालू लागले. खाली, नदीकडं.

सगळी माणसं त्यांच्या मागं वळली. मी गर्दीतून वाट काढत पुढं झाले. सोडणार, आप्पा तिला सोडणार! कृष्णाकाकू बाभळीला टेकून उभ्या होत्या. त्याही मागोमाग निघाल्या.

घाट आला. आप्पा घाटाच्या पायऱ्या उतरले नाहीत. ते वळले आणि मळईत शिरले, थेट काठापर्यंत गेले. पाणी तिथून दोन पावलांवर. घागर खाली ठेवली आणि कुदळ मागितली. काठाच्या अगदी टोकाला, त्यांच्या वयाला झेपत नव्हतं तरी, त्यांनी स्वतः खड्डा काढला, राख त्यात ओतली, माती लोटली आणि पोरांनी वरच्या खड्ड्यापासून उचलून आणलेल्या रोपाकडं हात करून म्हणाले, "रोप द्या."

संजू कळवळून म्हणाला, "आप्पा, हितं नगं. हितं पानी येतंय, झाड ऱ्हायाचं न्हाय. तुमीच सांगताय की सगळ्यांस्नी."

"माझं रान हाय. मी बघतो."

मला राहवलं नाही. चारचौघांत बोलले मी. "आप्पा, तिनं जल्मात एकच गोष्ट मागितली तुमच्याकडं. नदी ही इथं हाय, दोन पावलांवर. दोन पावलं पण जाववंना तुमास्नी?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. रोपाभोवती माती दाबत म्हणाले, "नदीत घालू नगा म्हणून लोकांच्या दारात गेलोय मी, सुमे. ह्या हातानं न्हाय घालता येत."

परतताना कृष्णाकाकू आप्पांच्या वाटेत आल्या. दुसऱ्या कडेनं गेल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खरं बोलणारा माणूस हाईसा." आणि रडायला लागल्या. लोक आप्पांना मानत घरी गेले. मी त्याच दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला आले. मला त्यांचा तो खरेपणा अजिबात नको होता. मशीनवर बसले की डोळ्यांसमोर यायचं ते पाणी, दोन पावलांवरचं.

उन्हाळाभर संजू फोनवर सांगायचा. आप्पा रोज संध्याकाळी मळईत जातात, रोपाला तांब्यानं पाणी घालतात आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहतात. एकदा तो म्हणाला, "ताई, बोलतात ते रोपासंगं." मी म्हटलं, "आता बोलून काय उपेग?" आणि विषय बदलला.

त्या वर्षी पाणी लवकर आलं आणि हटेना. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, कोल्हापुरात घाटाचे दगड दिसेनासे झाले, गावाचा रस्ता बंद झाला. मी शाहूपुरीत अडकून पडले. रोज संध्याकाळी लाईट आली की फोन करायचा आणि म्हशी कुठं बांधल्यात, आप्पा जेवले का, एवढं विचारून ठेवायचा. मळईचं मी विचारलं नाही. विचारायचं काय? मळई तर सगळ्यात आधी जाते.

पाणी उतरलं आणि संजूचा फोन आला. ऐतवारी ये. गेले. मनात अढी होती, तरी गेले. आप्पा आईविना पहिल्यांदाच पाणंद उघडत होते.

तो रविवार मला आजही अंगावर आल्यासारखा आठवतो. वरची झाडं जागच्या जागी होती, बुंध्यांना गाळही लागला नव्हता. खाली मात्र पोटरीएवढा गाळ, पाय काढताना चपला आतच राहायच्या. फावड्यांचा आवाज, घमेल्यांचा आवाज, मध्येच कुणीतरी "साप हाय, सांभाळा" म्हणायचं. आप्पा सगळ्यांच्या पुढं होते. थकले की फावड्यावर हनुवटी टेकून उभे राहायचे आणि पुन्हा सुरू. भडंगाचा कागद कुणी पुढं केला तर हातानंच नको म्हणाले. मला ते थांबतच नाहीत याचा राग येत होता आणि त्यांच्या पाठीची हाडं शर्टातून दिसत होती ते बघवतही नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाणंद घाटापर्यंत मोकळी झाली. आम्ही मळईकडं वळलो आणि सगळेच थांबलो.

काठ नव्हता. आमच्या रानाचा नदीकडचा तुकडा घास घेतल्यासारखा गेला होता. जिथं रोप होतं, खड्डा होता, तिथं आता पाणी चाललं होतं. लालसर, संथ, मोठं पाणी. ओल्या मातीची ढेकळं अजूनही मध्येच सुटून त्यात पडत होती.

अण्णांनी टोपी काढली. ते आप्पांच्या जवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "आप्पा, गेलं की हो झाड. मनाला लावून घेऊ नगा. आपण दुसरं लावू. वर, सगळ्यांच्यात. वैनींच्या नावाचं."

"नगं, अण्णा."

"का आप्पा? आज लावू की, पोरं हाईत."

"झाडासाठी न्हवतं लावलं ते."

मी आप्पांकडं बघितलं. जन्म गेला त्यांचा हा काठ बघण्यात. नदी कुठल्या साली कुठून किती माती खाते हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. खाली लावलेलं पाण्यात जातं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांनी तिला नदीत घातलं नाही. नदी जिथं येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तिथं तिला नेऊन ठेवलं, आणि उन्हाळाभर रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसून वाट बघितली. मला रडू आवरेना. मी गाळातून तशीच त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांचा हात धरला.

आप्पा पाण्याकडंच बघत होते. सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज असलेला तो माणूस, पण आता मला एकटीलाच ऐकू आलं.

"पोचली ती, सुमे."